आता मीटर पळत नाही, गं

अगं, परवा तू जवळजवळ कुजबुजतच म्हणालीस, "ताई, लँडलाइनचं बिल, घरातल्या मोबाइलचे रिचार्ज, आणि एवढं करून प्रत्येकाची तक्रार की मी फोनच करत नाही." तेव्हाच ठरवलं की या विषयावर तुझ्याशी एकदा निवांत बोलायचं. तुझ्या घरचा पसारा मला ठाऊक आहे. थोरले भाऊजी आणि जाऊबाई न्यू जर्सीला, नणंद बेंगळुरूला, धाकटा दीर पुण्यात, तुझी आई मंठ्याला एकटी. त्यात मामांचा, म्हणजे तुझ्या सासऱ्यांचा, हट्ट, की जालन्याच्या घरातला लँडलाइन काढायचा नाही म्हणजे नाही. या सगळ्यांच्या मधोमध तू. घाबरू नकोस. एका पगारात घर, शाळेची फी आणि येणारी-जाणारी माणसं निभावणाऱ्या बाईला फोनचा हिशेब जड नाही. तुला तो आजवर कुणी बसून समजावून दिला नाही, एवढंच.

आधी एक विचार डोक्यातून काढून टाक. फोन कमी करून पैसे वाचवायचे, हा. खरं सांगू का, आजच्या दिवसात माणसं जास्त बोलतात म्हणून बिल फुगत नाही. चुकीच्या फोनवरून बोलतात, जुना प्लॅन तसाच ओढत राहतात आणि बिल न वाचता भरून टाकतात, म्हणून फुगतं. तेव्हा कात्री लावायची ती तिथे. आईशी रोज अर्धा तास बोल, तिच्या बोलण्याला कात्री लावायची नाही.

मामा फोनवर घाईघाईत बोलतात, "बरं ठेवतो, ठेवतो" म्हणतात, त्याचं तुला वाईट वाटतं ना? त्यांच्या जागी जाऊन बघ. त्यांनी ट्रंक कॉलचे दिवस पाहिलेत. एक्सचेंजला नंबर सांगायचा, कॉल बुक करायचा आणि मग तो लागेपर्यंत फोनपाशी बसून राहायचं. बोलणं तीन-तीन मिनिटांच्या मापात. मग कॉल बुक न करता थेट नंबर फिरवायची सोय, एसटीडी, आली. देशात पहिली सुरुवात १९६० साली कानपूर आणि लखनौच्या दरम्यान झाली, आपल्या गावागावांत मात्र पिवळ्या पाट्यांचे बूथ दिसायला लागले ते १९८०च्या दशकाच्या शेवटी. जितकं अंतर जास्त तितका पल्स आखूड, म्हणजे लांबच्या फोनला मीटर भराभरा पळायचं. १९९९च्या आधी हजार किलोमीटरच्या पुढे भरदिवसा बोलायचं तर मिनिटाला तीस रुपयांच्या वर जायचे. त्या वेळचे तीस रुपये, बरं का! रात्री अकरानंतर चौथाई दर लागायचा.

माझी आत्या नागपूरला. वडील अकराच्या ठोक्याला आम्हाला घेऊन बूथवर निघायचे, आणि तिथे आमच्यासारखीच निम्मी गल्ली उभी असायची. काचेची ती एवढीशी खोली, आत पंखा नाही, रिसीव्हरला आधीच्या माणसाच्या हाताचा ओलावा. समोर लाल आकडे पुढे सरकताहेत. वडिलांच्या हातात घरून लिहून आणलेला कागद: तब्येत, पाऊस, कापूस, मुलीचं स्थळ. एकेक ओळ वाचायची, उत्तर ऐकायचं, पुढची ओळ. फोन ठेवला की यंत्रातून टर्रर्र करत पावती बाहेर यायची आणि वडील ती दिव्याखाली धरून तपासायचे. अशा काळातून आलेल्या माणसाला लेकाशी गप्पा मारताना मनात तो लाल आकडा दिसणारच गं. त्यामुळे मामांना नुसतं "आता फुकट आहे" म्हणून भागत नाही. त्यांना बिल हातात दे, बोट ठेवून दाखव. हिशेबी माणसाचा हिशेबावर विश्वास बसतो.

तेव्हा पहिलं काम बिलाचं. तू दुधाचा हिशेब कॅलेंडरवर कसा ठेवतेस, कुठल्या दिवशी अर्धा लिटर कमी आलं हेसुद्धा लिहितेस, तसंच हे. बिलावर महिन्याचा ठरलेला आकार वेगळा असतो, त्यापलीकडच्या कॉलचे पैसे वेगळे, मग अठरा टक्के जीएसटी, आणि मागचं बिल उशिरा भरलं असेल तर लेट फी. मागचे तीन-चार महिने शेजारी शेजारी मांड. कॉलचे पैसे नगण्य आणि ठरलेला आकारच मोठा असेल, तर मामांना बोलताना अडवून एक रुपयाही वाचणार नाही. तिथे प्लॅन बदलायला हवा. उलट कॉलचेच पैसे जास्त असतील तर तुमचा प्लॅन मोजून कॉल देणारा आहे, अमर्याद नाही. जुन्या कनेक्शनवर वर्षानुवर्षं तोच जुना प्लॅन चालू राहतो आणि आपण होऊन विचारल्याशिवाय तो बदलून देत नाहीत. तेव्हा जा आणि विचार. काउंटरवर दबकत उभी राहू नकोस. "आमच्या नंबरला आजच्या घडीला सगळ्यात स्वस्त कोणता प्लॅन बसतो, आणि त्यात भारतभर मोबाइलसकट कॉल मोफत आहेत का?" एवढा एक प्रश्न नीट विचारलास तरी पुरे.

आणि ते रात्रीच्या मोफत कॉलचं. मामा अजून रात्री नऊ वाजायची वाट बघतात, हो ना? त्यांचं अगदीच चुकत नाही. बीएसएनएलने १ मे २०१५ पासून लँडलाइनवरून रात्री नऊ ते सकाळी सात देशभर मोफत बोलायची सोय केली होती, आणि २०१६च्या ऑगस्टपासून रविवारचा पूर्ण दिवसही मोफत केला होता. त्या वर्षांत कितीतरी घरांत रविवारी दुपारी जेवणं झाली की फोनपाशी रांग लागायची. पण २०१८च्या सुरुवातीला रविवारची सवलत गेली आणि रात्रीची वेळ साडेदहा ते सहा अशी आखडली. नऊ वाजताचा तो फोन तेव्हापासूनच मोफत राहिलेला नाही. आज तुमच्या प्लॅनमध्ये काय आहे ते पाहा, आणि सगळेच कॉल मोफत असतील तर त्या बिचाऱ्यांना रात्रीपर्यंत जागं ठेवू नका. दुपारी चहाच्या वेळी बोलू देत लेकीशी.

मामा म्हणतात ना, "लँडलाइनवरून मोबाइल लागतच नाही"? तेही सोपं आहे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करायचा तर आधी शून्य लावावं लागतं. फोनशेजारच्या डायरीत सगळ्या मोबाइल नंबरांच्या आधी ठळक अक्षरात शून्य लिहून टाक. हे काम तुझ्या लेकीला दे, तिचं अक्षर मोठं आणि सुंदर आहे.

आता खरी बचत कुठे आहे ते सांगते. कुणी कुणाला फोन करायचा, हे ठरवण्यात. पुण्याच्या दिराच्या आणि बेंगळुरूच्या नणंदेच्या मोबाइलवर अमर्याद कॉलचा रिचार्ज असणारच. आजकाल बहुतेकांचा असतो. त्या रिचार्जमध्ये लँडलाइनवर केलेला फोनही येतो, हे कितीतरी जणांना माहीत नसतं. म्हणजे त्यांनी आपल्या मोबाइलवरून ०२४८२ लावून घरचा नंबर फिरवला तर त्यांचा वेगळा पैसा लागत नाही आणि तुमचाही नाही, कारण येणाऱ्या फोनला पैसे नाहीत. मग मामांनी आपल्या मोजक्या कॉलांमधून फोन करायचा कशाला? वार ठरवून घ्या. बुधवारी नणंद करेल, शनिवारी दीर करेल. वार ठरला की म्हातारी माणसं त्या वेळेला फोनपाशी येऊन बसतात, आणि "कुणाला आठवण येत नाही" ही तक्रारही आपोआप कमी होते. नणंदेला हे सांगताना संकोचू नकोस. "वन्स, तुम्ही केलात तर मामांना जास्त बरं वाटतं," असं म्हण. ते खरंही आहे.

याच्यात एक छान युक्ती आहे. तुझ्या मोबाइलवरून आधी घरचा लँडलाइन लाव, मग बेंगळुरूचा नंबर लाव आणि दोन्ही कॉल जोड. मोबाइलवर त्याचं बटण असतं, मर्ज म्हणून. मामा आपल्या आवडत्या जाड रिसीव्हरवर, खुर्चीत बसून, लेकीशी आणि तुझ्याशी एकदम बोलतील. स्मार्टफोन हातात धरायला नको, चार्जिंगची कटकट नको. राखी-भाऊबीजेला लेक येऊ शकली नाही तर हे नक्की कर.

दोन ठिकाणी पैसे गुपचूप जातात, तेवढं लक्षात ठेव. मामा आणि सासूबाई पुण्याला महिना-दीड महिना राहायला गेले आणि लँडलाइनचे फोन मोबाइलवर वळवून ठेवले, तर तो वळवलेला प्रत्येक कॉल लँडलाइनच्या खात्यावर चढतो. मोजून कॉल असलेल्या प्लॅनमध्ये घर बंद असूनही बिल येतं ते असं. तेवढे दिवस सगळ्यांना मोबाइलचा नंबर देऊन ठेव. मुक्काम लांबणार असेल तर कनेक्शन सेफ कस्टडीत, म्हणजे तात्पुरतं बंद, ठेवता येतं का ते विचार. दुसरं म्हणजे १८६०ने सुरू होणारे बँका-कंपन्यांचे नंबर. १८०० मोफत असतो, १८६० नसतो. त्यांचं संगीत ऐकत ताटकळण्याचे पैसे आपण भरतो.

लँडलाइन बंदच करून टाकावा का, असं तू विचारलंस. माझं मत विचारशील तर, घरात ऐंशीच्या घरातली माणसं असताना नको. कान कमी ऐकतात त्यांना रिसीव्हरवर स्पष्ट ऐकू येतं, आणि सगळ्या नातेवाइकांना तो नंबर तोंडपाठ आहे. पण तांब्याच्या तारेच्या जागी फायबर घेण्याचा विचार जरूर कर, तुमच्या गल्लीत आलं असेल तर. बहुतेक फायबर प्लॅनमध्ये देशभराचे फोन आणि इंटरनेट एकाच बिलात येतं. म्हणजे लेकीच्या अभ्यासासाठी आणि तुझ्या मोबाइलसाठी जो डेटा तू वेगळा भरतेस, तो कमी करता येईल. जुना नंबर तोच राहतो का, हे अर्ज करण्याआधी विचार. आणि एक महत्त्वाचं बघ: जुन्या तारेच्या फोनला वीज एक्सचेंजकडून यायची, म्हणून लाइट गेली तरी तो चालायचा. फायबरचा डबा घरच्या विजेवर चालतो. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइटीचा भरवसा नाही, तेव्हा त्या डब्याला इन्व्हर्टरची जोड दे किंवा त्याच्यासाठी मिळतो तो छोटा यूपीएस घे. रात्री-अपरात्री मामांना डॉक्टरला फोन करावा लागला आणि फोन मुका, असं व्हायला नको. जुनं कनेक्शन सोडताना अनामत रक्कम लेखी अर्ज करून परत माग, ती तुमचीच आहे. आणि जोवर जुना फोन आहे तोवर तो तीन दिवसांहून जास्त बंद पडला तर तक्रारीचा नंबर लिहून ठेव. त्या काळाच्या भाड्यात सूट मागता येते.

आता तुझ्या आईचं. ती मंठ्याला साधा बटणांचा फोन वापरते, इंटरनेटशी तिचा संबंध नाही, आणि तरी तू तिला रोजच्या दीड जीबीचा रिचार्ज मारतेस. अगं, तो डेटा कोण वापरतं? फोन कंपन्यांची नियामक संस्था ट्राय, तिने २०२४च्या डिसेंबरमध्ये नियम केला, की डेटा नको असलेल्या ग्राहकांसाठी नुसत्या कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज कंपन्यांनी द्यायलाच हवेत, आणि त्यांची मुदत वर्षापर्यंत ठेवता येईल. २०२५च्या सुरुवातीला असे पॅक आलेसुद्धा. एअरटेलने ३६५ दिवसांचा १,८४९ रुपयांना काढला, जिओने ३३६ दिवसांचा १,७४८ला. आकडे बदलत राहतात, तेव्हा भरताना आजचा भाव बघ. दुकानदार बहुधा आपण होऊन हा पॅक सांगत नाही. "नुसता कॉलिंगचा, लांब मुदतीचा" असं ठासून माग. सगळ्यात मोठा फायदा पैशांचासुद्धा नाही. मुदत संपून आईचा फोन अचानक लागेनासा होतो आणि तुझ्या पोटात गोळा येतो, ते वर्षभर तरी टळेल. मुदत संपायची तारीख आपल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेव.

तुझ्या आईच्या गल्लीत ऊसतोडीला जाणारी घरं आहेत ना, त्यांनाही हे सांग. मंठा, घनसावंगी, अंबड या भागांतून दिवाळीच्या सुमाराला माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर निघून जातात, ती परत येतात थेट उन्हाळ्यात. लेकरं आजीपाशी. त्या आजीच्या हातातला फोन मध्येच बंद पडला तर फडावर बसलेल्या आईला आपल्या लेकराचा आवाज ऐकू येत नाही. निघण्याआधी आजीच्या फोनवर हंगाम संपेपर्यंतचा नुसता कॉलचा रिचार्ज मारला, तर रोज संध्याकाळी पाच मिनिटं बोलणं होतं. तुझ्या आईला दुकानापर्यंत सोबत जायला सांग, ती आनंदाने जाईल.

राहिली अमेरिका. इथे मी जरा दटावूनच सांगणार आहे. घरच्या लँडलाइनवरून न्यू जर्सीला फोन करायचा नाही. परदेशचा फोन अजूनही मिनिटावर मोजला जातो. लँडलाइनवर आयएसडीची सोय चालू असेल तर लेखी देऊन बंद करून घे. व्हॉट्सॲपवरून बोलायचं, दोन्हीकडे इंटरनेट असलं की वेगळा पैसा नाही. तुझा मोबाइल वायफायला जोड, स्पीकर लाव आणि मामांच्या समोर टेबलावर पुस्तकाला टेकवून ठेव, म्हणजे त्यांचा हात दुखणार नाही आणि भाऊजींना त्यांचं फक्त कपाळ दिसणार नाही. वेळही धरून ठेव: आपल्याकडे सकाळचे सात म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. त्यांची जेवणं झालेली असतात, मामांची पूजा व्हायची असते. दोघांनाही सोयीचं.

पण नेट नसतं, तू घरी नसतेस, आणि भाऊजींना वडिलांचा आवाज ऐकायचा असतो. तेव्हा त्यांनी सरळ लँडलाइन लावावा. बरेच जण स्काइपवरून लावायचे, ते ५ मे २०२५ला बंद झालं. आता त्यांनी आपल्या तिकडच्या फोन कंपनीकडे भारतासाठी महिन्याचा काही पॅक आहे का ते विचारावं, किंवा गूगल व्हॉइससारख्या सेवेतून लावावा; मिनिटाला अगदी थोडे सेंट पडतात. पूर्वी तिकडच्या देशी किराणा दुकानांत फोन कार्डं मिळायची. वर मोठमोठे मिनिटांचे आकडे छापलेले असायचे आणि फोन लागला की लागल्याचे पैसे आधी कापले जायचे. असं काही अजून कुणी गळ्यात मारत असेल तर बारीक अक्षर वाचल्याशिवाय घेऊ नका म्हणावं. आणि दुबईकडे कुणी असेल तर लक्षात ठेव, तिकडे व्हॉट्सॲपवरून फोन लागत नाही. तिथे परवानगी असलेली वेगळी ॲप वापरावी लागतात.

जाऊबाईंशी पैशांचं बोलायला तुला अवघड वाटतं, ते मी ओळखून आहे. पण सासू-सासऱ्यांचा फोन हा सगळ्या भावंडांचा फोन आहे गं. फायबरचं वर्षाचं बिल तिघा भावांनी मिळून भरलं तर कुणालाच जड नाही. तू मागायला जाऊ नकोस, तुझ्या नवऱ्याला बोलू दे. भावाभावांत ते पाच मिनिटांत मिटतं. तू फक्त आकडा काढून दे.

आणि अनोळखी फोनांचं मामांना आजच समजावून ठेव. परदेशी नंबरावरून एक रिंग देऊन फोन कट होतो, घरचंच कुणी असेल म्हणून माणूस उलट फोन करतो आणि पैसे जातात. भाऊजींचा नंबर +१ने सुरू होतो, तो डायरीत लिहिलेला आहे. त्याखेरीज दुसऱ्या परदेशी नंबराला उलट फोन करायचा नाही. "ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा फोन बंद होणार, नऊ दाबा" असं कुणी म्हटलं तर फोन ठेवून द्यायचा. ट्राय असा फोन कुणालाही करत नाही. चुकून काही पैसे गेलेच तर घरात लपवायचं नाही, लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० फिरवायचा. मामांना हे सांगताना आवाज चढवू नकोस, त्यांना आधीच वाटत असतं की आपल्याला काही कळत नाही.

एवढ्यात सगळं करायला जाऊ नकोस. या आठवड्यात बिलं काढून मांड आणि आईचा रिचार्ज बघ. फायबरचं पुढच्या महिन्यात. आणि हो, जाऊबाईंना आजच लिहून पाठव, की लँडलाइन लावताना आधी +९१, मग २४८२, मग घरचा नंबर. ०२४८२ मधलं पहिलं शून्य गाळायचं. त्यांचा फोन लागत नसेल, तर तो त्या शून्यामुळेच.